फाळका, हौदा आणि केबिनचा पत्रा: हेवी-ड्युटी पिकअपवाल्यांचे प्रश्न

इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स यांवर बोलून झालं, पण मागच्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांचा गठ्ठा बघितला तर निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार बॉडीबद्दल आहे, आणि त्यातही टेलगेट म्हणजे मागचा फाळका सगळ्यात पुढे. म्हणून यावेळी फक्त बॉडी. हेवी-ड्युटी म्हणताना मी शेव्हरोले, जीएमसी, रॅमच्या २५०० आणि ३५०० किंवा फोर्डच्या एफ-२५०, एफ-३५० या वर्गातल्या गाड्या धरतोय, म्हणजे माल आणि माणसं धरून एकूण वजनाची मर्यादा साधारण ३.८ टनांपासून ६.३ टनांपर्यंत. या गाड्यांत एक लोखंडी चासी असते आणि तिच्यावर केबिन वेगळी, मागचा हौदा वेगळा असा बसवलेला असतो. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण बऱ्याच उत्तरांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: दादा, माझ्या पिकअपचा फाळका हँडल ओढलं की एकाच बाजूने सुटतो, दुसरी बाजू अडकून राहते. मग हाताने थापट्या मारून उघडावा लागतो. बंद करतानाही जोरात आपटावा लागतो. मेकॅनिक म्हणतो पूर्ण फाळका बदला. खरंच बदलावा लागेल का?

नाही हो, फाळका बदलायची घाई अजिबात करू नका. आधी आत काय असतं ते समजून घ्या. मधोमध हँडल, हँडलच्या मागे एक छोटी तरफ, त्या तरफेपासून दोन लांब सळ्या डावीकडे-उजवीकडे जातात आणि दोन टोकांना दोन लॅच, म्हणजे फाळका पकडून ठेवणारे खटके, असतात. ही सळी लॅचला आणि तरफेला ज्या क्लिपने जोडलेली असते ती क्लिप प्लास्टिकची, आणि उन्हाने, थंडीने, धक्क्याने ती कडक होते आणि तुटते. क्लिप तुटली की त्या बाजूची सळी नुसती लोंबते आणि तुम्ही हँडल कितीही ओढा, तिकडचं लॅच हलत नाही. दहातल्या आठ वेळा दोष हाच असतो असं मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

तपासायचं असं. फाळका खाली पाडा, आतल्या बाजूला स्क्रूने बसवलेली एक पट्टी किंवा झाकण असतं ते काढा. मग स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही लॅच बंद स्थितीत ढकला आणि हँडल ओढून बघा, दोन्ही एकाच वेळी 'टक' करून सुटले पाहिजेत. एक उशिरा सुटत असेल तर सळीची लांबी जुळलेली नाही, एक सुटतच नसेल तर क्लिप गेली किंवा लॅच धुळीने जाम झालं. आणि हो, ही चाचणी झाल्यावर फाळका वर करण्याआधी दोन्ही लॅच परत उघडे आहेत ना ते बघायला विसरू नका, नाहीतर बंद लॅच जाऊन हौद्याच्या बाजूच्या खुंटीवर आपटतं आणि नवीन काम निघतं.

लॅचमध्ये ग्रीस आणि माती मिळून काळा चिकट थर झालेला असेल तर आधी तो क्लिनरने पूर्ण धुवून काढा, वाळू द्या, मग पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा. जुनं इंजिन ऑइल ओतू नका, दोन दिवस छान चालतं आणि मग तेच सगळी धूळ ओढून घेतं. आपटावं लागतंय त्याचं कारण बहुतेक वेळा हौद्याच्या बाजूला असलेली खुंटी, जिच्यावर लॅच बसतं, ती सरकलेली असते. ती ढिली करण्याआधी तिच्याभोवती पेन्सिलने खूण करा, मग केसभर हलवून बघा, एकदम जास्त हलवलीत तर मूळ जागा सापडायची नाही.

आणि फाळका बंद अवस्थेतच पूर्ण अडकला, कुठूनच उघडेना, असं झालं तर पहार घेऊन बाहेरून उचकटू नका. हौद्यात चढा, ते झाकण आतल्या बाजूलाच असतं, तिथून काढून सळी हाताने ओढा, उघडतो.

प्रश्न: बटनावर उघडणारा फाळका आहे. दोनदा असं झालं की गाडी उभी असताना कोणीही हात न लावता तो धाडकन खाली पडला. एकदा पाऊस होता, एकदा नुकतीच गाडी धुतली होती. हे योगायोग आहे की काय?

योगायोग नाही, तुम्ही स्वतःच कारण लिहिलंय. पाणी. आणि हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाहीये, मोठमोठ्या कंपन्यांना यासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्यात. २०१९ मध्ये फोर्डने २०१७ ते २०१९ मॉडेलच्या एफ-२५०, एफ-३५०, एफ-४५० मधल्या इलेक्ट्रिक लॅचवाल्या गाड्या रिकॉल केल्या, अमेरिकेत साधारण २ लाख ६० हजार, कारण वायरिंगमध्ये पाणी शिरून शॉर्ट होत होतं आणि फाळका आपोआप सुटत होता. ज्यांना साधं हाताचं हँडल होतं त्या गाड्या त्यात नव्हत्या. २०२४ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने २०२० ते २०२४ च्या सिल्व्हराडो आणि सिएरा २५००, ३५०० मधल्या ३ लाख २३ हजारांच्या आसपास गाड्या बोलावल्या, तिथेही तेच, उघडण्याच्या स्विचमध्ये पाणी जाऊन शॉर्ट. त्याआधी २०१८ मध्ये रॅमच्या २०१५ ते २०१७ च्या सुमारे ११ लाख गाड्या होत्या, पण तिथे दोष वेगळा होता, पॉवर लॉक फिरवणाऱ्या छोट्या मोटरयंत्रातला (ॲक्च्युएटर) एक छोटा प्लास्टिकचा टॅब तुटून लॅच सुटू शकत होतं.

तेव्हा पहिलं काम, गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, घ्या आणि कंपनीच्या किंवा सरकारी रिकॉलच्या यादीत टाकून बघा. गाडी तुम्ही सेकंडहँड घेतलेली असली तरी रिकॉलचं काम फुकट असतं, आधीच्या मालकाने ते केलं नसेल तर ते तुमच्यासाठी शिल्लकच आहे. खूप लोकांना हे माहीत नसतं आणि स्वतःच्या खिशातून स्विच बदलतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

यादीत गाडी नसेल तर हँडलच्या मागचा स्विच आणि त्याचा कनेक्टर बाहेर काढून बघा. पिना हिरव्या-पांढऱ्या झाल्या असतील तर पाणी पोचलंय. स्विच बदला, पण फक्त स्विच बदलून थांबू नका, पाणी आलं कुठून ते शोधा, नाहीतर नवीन स्विचचीही तीच गत. हँडलच्या भोवतीचं सील आणि फाळक्याच्या वरच्या कडेवर बसवलेली प्लास्टिकची टोपी, ही दोन ठिकाणं आधी. फाळक्याच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात ती चिखलाने बुजलेली असतील तर आतलं पाणी तिथेच साठतं आणि वायरिंग त्यात भिजत राहतं. प्रेशर वॉशरचा फवारा थेट हँडलवर मारणं आजपासून बंद करा.

आणि दुरुस्ती होईपर्यंत माल बांधताना समजा की मागे फाळका नाहीचये. हौद्यातल्या हुकांना पट्टे लावून बांधा. चालत्या गाडीतून माल मागच्या गाडीपुढे पडला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको, आणि गाडी उभी असली तरी मागे एखादं मूल उभं असू शकतं हो, हा फाळका डोक्यावर पडण्याइतका जड असतो.

प्रश्न: फाळका धरून ठेवणाऱ्या केबलवरचं काळं आवरण एका ठिकाणी फुगलंय. केबल मजबूत वाटते. चालेल का अजून?

चालणार नाही. आवरण आतून गंज फुगल्याशिवाय फुगत नाही. केबल बाहेरून धडधाकट दिसते आणि आत निम्म्या तारा खाऊन गेलेल्या असतात. २००४ मध्ये जनरल मोटर्सने नेमक्या याच कारणासाठी जवळपास ४० लाख पिकअप परत बोलावल्या होत्या. फाळक्याच्या केबल आतून गंजून तुटत होत्या आणि फाळक्यावर बसलेली, उभी राहिलेली माणसं खाली पडत होती.

दोन्ही केबल एकदम बदला, एकच बदललीत तर भार एका बाजूला जातो आणि फाळका पिळतो. स्टेनलेसच्या मिळाल्या तर उत्तम. साखळी किंवा दोरी लावून जुगाड करू नका, त्यांची लांबी नेमकी जुळत नाही आणि एकतर फाळका बंपरवर टेकतो किंवा एक कोपरा लोंबतो.

याच्याशी लागून अजून एक. उघड्या फाळक्यावर एकूण वजन किती पेलतं यापेक्षा ते कुठे टेकतं हे महत्त्वाचं आहे. पसरलेलं वजन फाळका आरामात घेतो, पण रॅम्पवरून बाईक किंवा चारचाकी एटीव्ही चढवताना एक चाक पत्र्याच्या मधोमध येतं आणि तिथेच तो खचतो, फोर्कलिफ्टवाला पॅलेटचं टोक टेकवतो तेव्हाही तसंच. एकदा वाकलेला फाळका परत सरळ बसत नाही, लॅच दोन्ही बाजूंना जुळत नाहीत आणि मग पहिल्या प्रश्नातली तक्रार सुरू होते. एक सरळ पट्टी आडवी ठेवून बघा, मध्ये प्रकाश दिसला तर तो वाकलाय.

प्रश्न: दुहेरी उघडणारा, पायरी होणारा फाळका घेतला आणि पहिल्याच महिन्यात आतल्या भागावर डेंट. मागे टो-बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळा, लावलेला होता. कंपनीने वॉरंटी नाकारली.

वाईट वाटलं वाचून, पण वॉरंटीत बसणार नाही हे खरं. या फाळक्यांत आतला छोटा दरवाजा खाली पडताना नेमका टो-बॉलच्या उंचीवर येतो. बॉल माउंट, म्हणजे तो गोळा धरणारा दांडा, बसवलेला असेल तर आतला भाग पाडायचा नाही, आधी बॉल माउंट काढायचा. मॅन्युअलमध्ये ही सूचना असते, पण गाडी हातात देताना कोणी दाखवत नाही हेही तितकंच खरं. काही गाड्यांत सेटिंगमधून किंवा आतल्या एका लॉकने हा भाग पाडताच येऊ नये असं करता येतं, ट्रेलर जोडून चालवणाऱ्यांनी ते करून ठेवावं. ट्रेलरच्या जॅकच्या हँडलचंही तसंच, जोडलेला असताना साधा फाळका पाडला तरी तो जॅकवर आपटतो, तेव्हा पहिल्यांदा हळू, हाताने धरून, कुणाला तरी बाजूला उभं करून पाडून बघा. जीएमसीच्या मल्टीप्रो फाळक्याच्या पायरीला साधारण १७० किलोची मर्यादा दिलीये, म्हणजे भारी पोतं खांद्यावर घेतलेला धिप्पाड माणूस त्या आकड्याच्या जवळ जातो हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: मागच्या चाकाच्या वर आणि केबिनच्या खालच्या कोपऱ्यात पेंटला फोड आले होते. घासून, पुट्टी भरून, पेंट करून घेतलं. वर्षाच्या आत तिथेच परत. पेंटरने फसवलं का?

पेंटरने फसवलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने बाहेरून काम केलं आणि गंज आतून येत होता. स्टीलच्या पत्र्यावर तुम्हाला फोड दिसतो तेव्हा तो पत्रा आतल्या बाजूने कधीच पातळ झालेला असतो. चाकाच्या कमानीत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकमेकांना दुमडून जोडलेले असतात, त्या दुमडीत चाक चिखल फेकतं, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यांवर तर खारट चिखल, तो वाळतो, परत ओला होतो, आणि कितीही गाडी धुतलीत तरी तिथे पाणी पोचत नाही. केबिनच्या मागच्या कोपऱ्यांचं आणि दाराखालच्या उंबरठ्याच्या पट्टीचं कारण जरा वेगळं. तिथे खिडकीच्या काचेवरून, दाराच्या सीलवरून खाली आलेलं पाणी पोकळ पेटीत जमतं, ते निघायला तळाला भोकं असतात आणि ती भोकं मातीने बंद होतात. काही मॉडेलांत या पोकळीत आवाज कमी करायला फोम भरलेला असतो, तो पाणी धरून बसतो आणि पत्रा आतून सडतो.

तेव्हा परत तेच काम करून घेण्याआधी एक साधं लोहचुंबक घ्या, पातळ कपड्यात गुंडाळा आणि त्या जागेवरून फिरवा. जिथे पकड एकदम सुटते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग बोटाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, भुसभुशीत आवाज आला तर तिथलं स्टील गेलंय. योग्य काम म्हणजे सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, नवीन पट्टी वेल्ड करायची, एपॉक्सी प्रायमर, सांध्याला सीलर, मग पेंट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सगळ्यात जास्त गाळलं जातं ते म्हणजे पेंट वाळल्यावर आतल्या पोकळीत नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारायचं. वेल्ड केलेल्या जागेच्या मागची बाजू जळून उघडी पडलेली असते, तिला वॅक्स मिळालं नाही तर नवीन पत्रासुद्धा आतून जाणार. भोकं उघडी राहतील असं बघा, वॅक्सने किंवा अंडरकोटिंगने तीच बुजवून टाकणारे महाभागही पाहिलेत.

हौद्यात प्लास्टिकचा सुटा लायनर, म्हणजे पत्र्यावर नुसतं वरून ठेवलेलं आवरण, बसवलेला असेल तर तो एकदा बाहेर काढून खाली बघाच. तो हलतो, पेंट घासतो आणि खाली ओल धरून ठेवतो, त्यामुळे वरून चकाचक हौदा आणि खाली जाळी झालेला पत्रा असं होतं. फवारून लावायचा लायनर बरा, पण गंजावरच फवारला तर गंज झाकला जातो एवढंच. हौद्याखालचे आडवे बीम पण बघा, त्यांच्या वरच्या सपाट भागावर माती साठते आणि तिथून ते खाल्ले जातात, माल जड असेल तर तळ खचायला लागतो तो यामुळे.

प्रश्न: माझी बॉडी तर ॲल्युमिनियमची आहे. गंज लागणार नाही असं ऐकून घेतली. तरी बॉनेटच्या पुढच्या कडेला पेंट फुगलाय.

लाल गंज लागणार नाही, हे खरं. पण ॲल्युमिनियमही खाल्लं जातं, त्याची पांढरी पावडर होते आणि ती पेंट उचलते. फोर्डने २०१५ ला एफ-१५० आणि २०१७ मॉडेलपासून सुपर ड्यूटीची, म्हणजे एफ-२५० आणि त्यावरच्या गाड्यांची, बॉडी ॲल्युमिनियम मिश्रधातूची केली, चासी मात्र स्टीलचीच ठेवली. तेव्हापासून असे प्रश्न यायला लागले. सुरुवात बहुतेक कडेला होते, जिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, तिथे पेंटचा थर पातळ, दगड लागले की उघडा पडतो आणि ओल शिरते. दुसरी जागा म्हणजे जिथे स्टीलचा बोल्ट, स्टीलची क्लिप किंवा तुम्ही नंतर बसवलेला एखादा स्टीलचा ब्रॅकेट ॲल्युमिनियमला थेट टेकतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल असली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून टूलबॉक्स, रॅक, लाइट बार असं काहीही बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबर टाका आणि भोक पाडलं तर त्याच्या कडेला प्रायमर लावूनच बोल्ट घाला.

दुरुस्तीला नेताना एकच गोष्ट विचारा, ॲल्युमिनियमची हत्यारं वेगळी ठेवता का? ज्या ग्राइंडरने, ज्या ब्रशने स्टील घासलं त्यानेच ॲल्युमिनियम घासलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पेंटखाली परत खायला सुरुवात. वर दोन्ही धातूंची बारीक पूड एकत्र जमणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं, चांगली वर्कशॉप त्यासाठी वेगळी जागा आणि वेगळा व्हॅक्यूम ठेवतात. घासल्यावर काही तासांच्या आत प्रायमर लागला पाहिजे, कारण ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर यायला लागतो. पेंटच्या वॉरंटीत 'आरपार भोक पडलं तरच' अशी अट असते का तेही वाचा, ॲल्युमिनियमला भोक पडेपर्यंत थांबलात तर हातात काही राहणार नाही, म्हणून मुदतीत असताना फोटो काढून लेखी तक्रार द्या.

प्रश्न: पाऊस झाला की मागच्या सीटखालचं कार्पेट ओलं. दाराची सीलं नवीन टाकली, सनरूफ नाहीये. गाडीत कुबट वास येतो आणि आता कधी कधी डॅशबोर्डवर भलतेसलते लाइट लागतात.

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला कारण यात लोक सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या जागी घालतात. पिकअपच्या केबिनला मागे वर, काचेच्या वरती, तिसरा ब्रेक लाइट असतो. त्याचं फोमचं गॅस्केट काही वर्षांत दबून कडक होतं आणि तिथून पाणी आत येतं, छताच्या कापडामागून मागच्या भिंतीवरून उतरतं आणि सीटखाली जमतं. तुम्हाला वर कुठेच ओलं दिसत नाही, थेट खाली तळं. मागच्या सीटखालच्या ओलीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं म्हणजे मागची सरकणारी काच, तिच्या फ्रेमच्या खालच्या खाचेत पाणी जायला बारीक भोकं असतात ती बुजतात किंवा फ्रेमलाच तडा जातो. तिसरं, मोठ्या गाड्यांना छतावर पुढे पाच पिवळे दिवे असतात ना, अमेरिकेत २०३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद गाड्यांना ते लागतात म्हणून ड्युअलींवर, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेल्या गाड्यांवर, हमखास दिसतात, त्यांची गॅस्केटं. तिथलं पाणी मात्र बहुतेक वेळा पुढच्या बाजूला, छताच्या कापडावर डाग पाडत येतं.

शोधायची पद्धत. मागची सीट आणि कार्पेट उचला, सगळं पूर्ण कोरडं करा. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल, दुसऱ्याने बाहेरून साधा पाइप, प्रेशर नको, मंद धार, आणि खालून सुरुवात करत वर जायचं. आधी काचेची खालची कड, पाच-दहा मिनिटं थांबा, मग बाजू, मग वरची कड, मग शेवटी ब्रेक लाइट. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. घाई करू नका, काही गळत्या दिसायला वेळ लागतो.

ब्रेक लाइट निघाला तर नवीन गॅस्केट टाका, जुन्यावर सिलिकॉन फासू नका, पुढच्या वेळी बल्ब काढताना पत्र्याचा पेंट उचलून येईल आणि तिथे गंज सुरू. फोमचं चिकट गॅस्केट लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, स्क्रू सारखे कसा, एक जास्त एक कमी नको.

पुढच्या पायाखाली ओलं असेल तर ते पावसाचंच असेल असं नाही. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी बुजली की तेच पाणी आत सांडतं, ते स्वच्छ आणि बिनवासाचं. हीटरमधलं कूलंट गळत असेल तर चिकट, गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं.

तुमच्या डॅशबोर्डच्या लाइटबद्दल. बऱ्याच गाड्यांत सीटखाली, कार्पेटखाली वायरिंगचे जोड आणि काही ठिकाणी कंट्रोल मॉड्यूल असतात. ओल तिथे पोचलीये असं दिसतंय. आता नुसतं गळती बंद करून भागणार नाही, बॅटरीची केबल काढा, ते कनेक्टर उघडा, हिरवट झालेत का बघा, कॉन्टॅक्ट क्लिनरने साफ करा आणि कार्पेटखालचा जाड फोम पूर्ण वाळेपर्यंत कार्पेट परत टाकू नका. वरचं कापड एका दिवसात वाळतं, खालचा फोम आठवडाभर ओला राहतो, कुबट वास त्याचाच.

प्रश्न: सेकंडहँड ३५०० बघितली. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर कमी, खाली जास्त आहे आणि बॉडीवरची रेघ दोन्हीकडे जुळत नाही. अपघाताची गाडी समजायची का?

लगेच नाही. केबिन रबरी माउंटवर बसते आणि हौदा बोल्टने चासीवर घट्ट असतो. रबर म्हातारं झालं, किंवा माउंटमधली स्टीलची बाही गंजली, की केबिन खाली बसते आणि रेघ हौद्यापेक्षा उतरते. हे बदलता येतं. शिवाय मागे भार टाकला की लांब चासी थोडी वाकतेच, फट थोडी कमी-जास्त होते, हेवी-ड्युटीत तशी मोकळीक ठेवलेलीच असते.

काळजी करायची ती डावी आणि उजवी फट वेगवेगळी असेल तर. तेव्हा गाडी पिळलीये. गाडी रिकामी, सपाट जागेवर उभी करून दोन्हीकडे वर-मध्ये-खाली फट मोजा. हौद्याच्या आणि फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, केबिन आणि हौदा घासून पेंट उडालाय का ते बघा. फाळका उघडा-बंद करा, तो एका बाजूने घासत असेल आणि डावी-उजवी फटही वेगळी असेल तर मी ती गाडी चासी मोजून घेतल्याशिवाय घेणार नाही.

प्रश्न: हौद्यात ठेवायचा कॅम्पर, म्हणजे राहायची खोली, बसवला. आता हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यात तडे दिसतायत.

कॅम्पर हौद्याच्या पत्र्यालाच बांधलेला असणार. हे करायचं नसतं, वळणावर आणि खड्ड्यात कॅम्परचं टनभर वजन डुलतं आणि सगळा ओढ त्या पातळ पत्र्याच्या कोपऱ्यांवर येतो. चासीला बसणारे अँकर मिळतात, ते लावा, आणि कॅम्पर पुढे सरकून भिंतीवर आदळू नये म्हणून मध्ये रबर किंवा लाकडी ठोकळा ठेवा. तडे आहेत त्या टोकाला बारीक भोक पाडून ते थांबवा आणि वेल्ड करून घ्या, पण अँकर बदलल्याशिवाय वेल्ड केलंत तर बाजूला नवीन तडा येणार. पाचव्या चाकाचा हिच (फिफ्थ-व्हील), म्हणजे मोठा ट्रेलर जोडायला हौद्यात बसवतात तो जोड, बसवणाऱ्यांनाही हेच सांगणं, बोल्ट हौद्याच्या पन्हाळीदार तळातून चासीच्या ब्रॅकेटमध्ये जातात, तिथे मध्ये स्पेसर नसेल तर बोल्ट आवळताना तळाची घडी चेपते, थोड्या दिवसांत बोल्ट ढिला पडतो, भोक मोठं होतं आणि भोवती गंज.

प्रश्न: ड्युअलीच्या मागच्या रुंद फेंडरला तडा गेलाय, डेंटवाला म्हणतो ठोकून निघणार नाही.

बरोबर म्हणतो. बऱ्याच मॉडेलांत ते फेंडर फायबर किंवा कंपोझिटचे असतात, चुंबक लावून बघा. फायबरचं काम करणाऱ्याकडे न्या, मागून जाळी लावून रेझिनने भरतात. आणि आतल्या पट्टीचे बोल्ट तपासा, ते ढिले असले की फेंडर थरथरतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न: फाळका पाडला की मागचा कॅमेरा काळा होतो, वर केला की कधी येतो कधी नाही. आणि आजूबाजूला दोघांचे फाळके चोरीला गेलेत, त्याचीही भीती आहे.

कॅमेऱ्याची वायर बिजागरीजवळून हौद्यातून फाळक्यात जाते आणि प्रत्येक उघडझाकीला वाकते. आतली तार तुटते, वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. फाळका हळूहळू हलवत, वायर बोटाने दाबत कॅमेरा कधी लागतो ते बघा, जागा सापडेल. तिथे टेप गुंडाळून भागत नाही, तेवढा हार्नेसचा, म्हणजे वायरच्या जुडग्याचा, तुकडा बदला आणि वायरला पुरेसं सैल वळण ठेवा. अमेरिकेत मे २०१८ नंतर बनलेल्या १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे तो बंद ठेवून चालवणं बरं नाही, मुळात एवढी उंच गाडी मागे घेताना कॅमेऱ्याशिवाय काहीच दिसत नाही.

चोरीचं कारणही तोच कॅमेरा आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स, पूर्ण फाळक्याला चांगली किंमत येते. आणि फाळका काढणं फार सोपं असतं, अर्धा तिरका धरून केबल सोडायच्या आणि एका बाजूने उचलला की तो बिजागरीतून निघतो. कुलूप असेल तर रोज लावा, नुसतं असून उपयोग नाही. त्याशिवाय ज्या बाजूने फाळका उचलून निघतो त्या बिजागरीभोवती एक स्टेनलेसचा होज क्लॅम्प घट्ट आवळून टाका, म्हणजे खाच बंद होते आणि फाळका वर निघत नाही. क्लॅम्पचा स्क्रू हात सहज पोचणार नाही अशा बाजूला फिरवा आणि आवळून झाल्यावर फाळका एकदा पूर्ण खाली-वर करून बघा, कुठे घासत नाही ना, नाहीतर तिथलाच पेंट जाईल.